नाक गेलें आणि परत आलें

मराठी भाषेनें माणसाची अब्रू त्याच्या नाकांत सांठविली आहे. कुळाला काळिमा लागला कीं नाक कापलें जातें. शरण जाणारा नाक घासतो. ज्याला कोणाची पर्वा नाहीं तो नाकावर टिच्चून वागतो. म्हणींनीं तर नाक नसलेल्या माणसाची कींव करण्याचेंहि सोडून दिलें आहे. नकटीच्या लग्नाला सतराशें विघ्नें, असें लोक हंसत हंसत म्हणतात. परंतु त्या विघ्नांचा हिशेब नकटीच्या बाजूनें मांडून पाहण्याचें कोणाच्या मनांत सहसा येत नाहीं.

दिवा आणि डोंबिवली यांच्यामध्यें कोपर हें स्थानक आहे. खालून कल्याणकडे जाणारा मुख्य लोहमार्ग जातो आणि त्याच्या डोक्यावरून दिवा-वसईचा फांटा जातो. सकाळच्या वेळीं येथून मुंबईकडे निघालेल्या लोकलच्या डब्यांत माणसें इतकीं खेंचून उभीं असतात, कीं एकमेकांच्या तोंडाकडे पाहिल्यावांचून गत्यंतर नसतें. त्या गर्दींत ज्याचा ओठ जन्मतःच दुभंगलेला आहे, भाजल्यामुळें ज्याची मान आंखडली आहे किंवा रोगानें ज्याचें नाक बसलें आहे, अशा मनुष्याला प्रत्येक दिवशीं पन्नास डोळे चुकवून प्रवास करावा लागतो. त्याचा आजार त्याच्या जिवावर बेतत नाहीं. तो त्याच्या जगण्यावर बेततो. नोकरी, लग्न, मैत्री, शेजार या सर्वांचें दार चेहऱ्यांतूनच उघडतें. म्हणूनच बिघडलेला चेहरा नीट करण्याची विद्या ही नुसती नटण्यामुरडण्याची विद्या नव्हे. आणि या विद्येच्या इतिहासांतील एक मोठें पान महाराष्ट्रांत, पुण्याच्या परिसरांत लिहिलें गेलें, ही गोष्ट मराठी घरांतून माहीत असावयास हवी.

इ. स. १७९० ते १७९२ या काळांत इंग्रज, मराठे व निजाम यांनीं एकत्र होऊन म्हैसूरच्या टिपू सुलतानाशीं युद्ध केलें. इंग्रजांच्या सैन्याबरोबर सामानाचे बैल हांकणारा एक मराठा शेतकरी होता. इंग्रजी नोंदींत त्याचें नांव कावसजी असें आढळतें. तो टिपूच्या हातीं सांपडला; त्याचें नाक व एक हात कापून त्याला सोडून देण्यांत आलें. त्या काळच्या युद्धांत ही शिक्षा मुद्दाम दिली जाई. मेलेला मनुष्य विसरला जातो. नाक कापलेला मनुष्य मात्र गांवोगांव हिंडणारा जाहीरनामाच होतो. अशा स्थितींत कावसजी श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला व पुढें कंपनी सरकारकडून त्याला निर्वाहवेतन मिळूं लागलें. पोटाची सोय झाली, पण तोंडाची झाली नाहीं. एक वर्षाहून अधिक काळ तो नाकावांचून राहिला. मग पुण्याजवळच्या एका मनुष्यानें त्याला नवें नाक बसवून दिलें. हा मनुष्य वैद्य नव्हता, पंडित नव्हता. तो विटा भाजणाऱ्या कुंभाराच्या जातीचा होता.

मुंबई इलाख्यांतील थॉमस क्रूसो व जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनीं ही शस्त्रक्रिया होतांना प्रत्यक्ष पाहिली होती. तिचें वर्णन लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकांत एका पत्राच्या रूपानें छापून आलें. त्या पत्रासोबत कावसजीचें चित्रहि होतें. जेम्स वेल्स या चित्रकारानें काढलेल्या त्या तसबिरींत नवें नाक स्पष्ट दिसतें.

शस्त्रक्रियेची रीत अशी होती. प्रथम मेणाची एक पातळ चकती करून ती नाकाच्या उरलेल्या खुंटावर बसवीत व तिला चांगल्या नाकाचा आकार देत. मग तें मेण सपाट करून कपाळावर ठेवीत आणि त्याच्या कडेनें रेघ ओढीत. त्या रेघेच्या आंतील कातडी कपाळापासून सोडवून घेत. मात्र दोन डोळ्यांच्या मध्यें तिची एक अरुंद पट्टी जागच्या जागीं शाबूत ठेवीत. यानंतर नाकाच्या खुंटावरील जुना व्रण खरवडून ताजा करीत व त्याच्या भोंवतीं, नाकपुड्यांच्या बाजूंनीं आणि वरच्या ओठाच्या माथ्यावर चीर घेत. मग कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खालीं आणीत आणि तिच्या कडा त्या चिरेंत बसवीत. टांके नाहींत, दोरा नाहीं. सांधा धरून ठेवण्यास विड्यांतला कात पाण्यांत कालवून कापडाच्या पट्ट्यांवर लावीत व अशा पांचसहा पट्ट्या एकीवर एक बसवीत. चार दिवस याच लेपावर भिस्त असे. नंतर तो काढून तुपांत भिजविलेलें कापड ठेवीत. पहिले पांचसहा दिवस रोग्यास उताणें निजवीत. दहाव्या दिवशीं नाकपुड्या मिटूं नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे घालीत. आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास डोळ्यांमधील ती अरुंद पट्टी कापून टाकून नाकाला शेवटचा आकार देत. नवें नाक पक्कें बसे, आणि कपाळावरचा व्रण कालांतरानें फारसा डोळ्यांत भरत नसे, असें त्या पत्रांत म्हटलें आहे.

या साऱ्या कृतीचें मर्म त्या अरुंद पट्टींत आहे. शरीरापासून पूर्णपणें तोडलेली जाड कातडी दुसरीकडे नुसती चिकटवून जगत नाहीं. तिला रक्त मिळालें नाहीं तर ती काळी पडून गळून जाते. भुंवयांच्या आंतल्या टोकाजवळून कपाळाकडे चढणारी एक बारीक रोहिणी आहे. तीन आठवडे कपाळाची कातडी त्या रोहिणीच्या रक्तावर पोसली जाते. तेवढ्या अवधींत नव्या जागेंतून बारीक रक्तवाहिन्या तींत शिरतात आणि मग जुना आधार तोडला तरी चालतो. कुंभाराला त्या रोहिणीचें नांव ठाऊक असण्याचें कारण नव्हतें. पण पट्टी कोठें राखावयाची आणि किती दिवसांनीं कापावयाची हें त्याच्या हाताला ठाऊक होतें. आजहि कर्करोगामुळें नाकाचा भाग काढावा लागला, तर शस्त्रवैद्य बहुधा कपाळाचीच कातडी खालीं आणतात आणि सुमारें तीन आठवड्यांनीं तिचा देंठ कापतात.

ही विद्या कुंभाराकडे आली कोठून? सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींच्या सुश्रुतसंहितेंत तुटलेलें नाक सांधण्याचा विधि दिला आहे. तेथें झाडाच्या पानानें नाकाचें माप घ्यावयास सांगितलें आहे व कातडी गालाची घेतलेली आहे. नाकपुड्यांत नळ्या बसविण्याचाहि उल्लेख आहे. फाटलेल्या कानाच्या पाळ्या जोडण्याचे पंधरा प्रकारहि त्याच ग्रंथांत वर्णिलेले आहेत. परंतु पुढील शतकांत ग्रंथ पंडितांकडे राहिला आणि शस्त्र कारागिरांकडे गेलें. ज्यांना श्लोक पाठ होते त्यांनीं रक्ताला शिवण्याचें टाळलें. ज्यांचे हात रक्तानें भरत होते त्यांना श्लोक वाचतां येत नव्हते. विद्या बापाकडून मुलाकडे, एखाद्या घराण्याच्या ठेव्याप्रमाणें, गुपचूप जात राहिली. पुण्याजवळ कुंभार, हिमालयाच्या पायथ्याशीं कांगड्यास कांहीं घराणीं, असे तिचे मोजके वारस उरले. जी विद्या लिहिली जात नाहीं ती वाढत नाहीं; आणि घराणें खुंटलें कीं तीहि खुंटते.

लंडनमधील जोसेफ कार्प्यू या शस्त्रवैद्यानें ही हकीकत ध्यानांत ठेवली होती. यूरोपांत त्यापूर्वीं इटलींतील तालियाकोत्सी यानें १५९७ सालीं दंडाच्या कातडीपासून नाक करण्याची रीत ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली होती. परंतु तींत रोग्याचा हात कित्येक दिवस चेहऱ्याशीं बांधून ठेवावा लागे, आणि पुढें ती मागें पडली. कार्प्यूनें आधीं प्रेतांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजीं एका लष्करी अधिकाऱ्याचें नाक हिंदी पद्धतीनें बनविलें. गुंगीचें औषध तेव्हां नव्हतें. ईथरचा उपयोग जगापुढें येण्यास १८४६ साल उजाडावयाचें होतें. रोग्यानें पंधरा मिनिटें तें सर्व शुद्धीवर राहून सोसलें. १८१६ सालीं कार्प्यूनें आपल्या दोन रोग्यांचा वृत्तांत छापला आणि अल्पावधींतच ही पद्धति यूरोपभर 'हिंदी पद्धति' या नांवानें गाजली. पुण्याच्या मातींतली करामत अशा रीतीनें जगाच्या पाठ्यपुस्तकांत गेली.

या पद्धतींत एक उणीव मात्र होती आणि ती लपविण्यांत अर्थ नाहीं. नाकाला बाहेरून कातडी असते तसें आंतून ओलें अस्तरहि असतें. कपाळाची कातडी बाहेरचें आवरण देई; तिची आंतली बाजू उघडीच राही. उघडी जखम भरतांना आंखडते, आणि म्हणून महिन्यांमागून महिने गेले कीं नवें नाक हळूहळू चोळामोळा होऊं लागे. होळकरांच्या इंदुरास रेसिडेन्सीचे डॉक्टर असलेले कीगन यांनीं यावर तोड काढली. नाकाच्या बुडख्यावरील कातडी त्यांनीं उलटी वळवून तिचें अस्तर केलें व त्यावर कपाळाची कातडी घातली. त्यांचें पुस्तक १९०० सालीं प्रसिद्ध झालें. तत्पूर्वीं १८८९ सालीं जुनागडचे डॉ. त्रिभुवनदास मोतीचंद शहा यांनीं आपल्या शंभर रोग्यांची हकीकत छापली होती. एका संस्थानांतील एका डॉक्टरापुढें शंभर कापलेलीं नाकें येतात, यावरून त्या काळच्या समाजाची कल्पना येते. कांहीं नाकें दरोडेखोरांनीं कापलेलीं असत. पण इंदुरास कीगन यांच्याकडे येणाऱ्यांत बायकांची संख्या मोठी होती. संशयानें पेटलेल्या नवऱ्यानें बायकोचें नाक कापावें, हा प्रकार तेव्हां दुर्मिळ नव्हता. म्हणींतली नकटी अशा घरांतून जन्मास येत असे.

विसाव्या शतकांत महायुद्धांनीं या विद्येला वेगळीच गति दिली. बंदुका आणि तोफगोळे यांनीं हजारों तरुणांचे चेहरे उध्वस्त केले आणि सर हॅरॉल्ड गिलीज यांच्यासारख्यांनीं इंग्लंडांत ते पुन्हां उभे करण्याचें शास्त्र बनविलें. स्वातंत्र्यानंतर या शास्त्राचे पाय भारतांत रोवले गेले तेहि महाराष्ट्रांतूनच. १९५८ सालीं नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत डॉ. बालकृष्णन यांनीं या विषयाचा देशांतील पहिला स्वतंत्र विभाग सुरू केला. मुंबईस जे. जे. रुग्णालयांत डॉ. नोशीर अंटिया यांनीं टाटांच्या साहाय्यानें असाच विभाग उभारला. अंटिया हे गिलीज यांचे शिष्य. युद्धांतील जखमींसाठीं शिकलेली कला त्यांनीं परत येऊन ज्यांच्यावर खर्च केली, त्यांना त्या वेळीं कोणतेंहि मोठें इस्पितळ आंत घेण्यास राजी नव्हतें. ते लोक म्हणजे कुष्ठरोगी.

कुष्ठरोगाचे जंतु शरीरांतील थंड भागांत वस्ती करतात: नाक, कानाच्या पाळ्या, हातापायांतील कातडीलगतचे मज्जातंतु. नाकांत ते बाहेरची कातडी सोडून आंतलें अस्तर आणि मधली कूर्चा खातात. आधार गेला कीं नाक खालीं बसतें. याचा अर्थ असा, कीं कावसजीच्या नाकाचें जें गेलें होतें तें कुष्ठरोग्याचें शाबूत असतें, आणि कुंभाराच्या नाकांत जें उणें होतें नेमकें तेंच येथें नाहींसें झालेलें असतें. म्हणून येथें कपाळावर सुरी चालवावयाची नसते. वरचा ओठ उचलून आंतल्या बाजूनें शिरतात, आंखडलेला व्रण सोडवितात, बसलेलें नाक पुन्हां वर उचलतात आणि सांच्यावर गुंडाळलेली पातळ कातडी आंत बसवून नवें अस्तर तयार करतात. मग हाडाचा किंवा कृत्रिम आधार दिला कीं बाहेर एकहि व्रण न दिसतां नाक उभें राहतें. गिलीज यांची ही युक्ति अंटिया यांनीं पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयांत व मुंबईस कित्येक रोग्यांवर वापरली. गळालेल्या भुंवयांच्या जागीं डोक्यावरील केसाळ कातडी आणून त्याहि परत करतां येतात. मज्जातंतु मेल्यामुळें पंजासारखीं वांकडीं झालेलीं बोटें, शाबूत असलेल्या एखाद्या स्नायूचा दोर वळवून आणून सरळ करतां येतात. हें काम १९४८ नंतर वेल्लोर येथें डॉ. पॉल ब्रँड यांनीं आरंभिलें.

येथें एक सत्य स्पष्ट सांगितलें पाहिजे. शस्त्रक्रिया आकार परत देते, हालचाल परत देते. गेलेली संवेदना परत देत नाहीं. बधिर बोट सरळ झालें तरी चुलीवरच्या तव्यानें भाजलेलें त्याला कळत नाहीं. म्हणून शस्त्रापेक्षां औषध आधीं पोंचलें पाहिजे. १९८२ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें तीन औषधांची एकत्र योजना सुचविली. ती सहा महिने किंवा एक वर्ष घेतली कीं रोग बरा होतो आणि ती सरकारी आरोग्यकेंद्रांत फुकट मिळते. अंगावर फिकट किंवा तांबूस चट्टा दिसला आणि त्यावर स्पर्श कळेनासा झाला, तर लाजेनें तो सदऱ्याखालीं झांकून ठेवणें हेंच वैगुण्याला आमंत्रण होय. २००५ सालीं देशांतील रोगाचें प्रमाण दहा हजारांत एकाहून खालीं आल्याचें जाहीर झालें. तथापि नवे रोगी दरवर्षीं सांपडतच आहेत.

कोपरहून कल्याणकडे जातांना डोंबिवली व ठाकुर्ली मागें पडलीं कीं पत्रीपूल लागतो. त्याच भागांत हनुमाननगर ही कुष्ठरुग्णांची वसाहत आहे. तेथील कुटुंबांसाठीं अनेक वर्षें झटलेले गजानन माने यांना २०२३ सालीं पद्मश्री मिळाली. औषधानें जंतु मेले तरी लोकांच्या मनांतला रोग लवकर मरत नाहीं, म्हणून अशा वसाहती उरतात. कायद्यालासुद्धां हें उमजण्यास वेळ लागला: नवऱ्यास किंवा बायकोस कुष्ठरोग आहे एवढ्या कारणावर घटस्फोट मागण्याची मुभा २०१९ सालच्या दुरुस्तीनें काढून टाकण्यांत आली.

जन्मजात व्यंगांत सर्वांत परिचित म्हणजे दुभंगलेला ओठ आणि दुभंगलेली टाळू. साधारणपणें सातशें ते हजार बालकांमागें एकास हें व्यंग असतें. आपल्या घरांतून याचें खापर अजूनहि ग्रहणावर फुटतें. गरोदरपणीं आईनें ग्रहणांत विळी हातीं घेतली, भाजी चिरली, म्हणून मुलाचा ओठ चिरला गेला, असें सासू सांगते आणि सून आयुष्यभर मनांत कुढत राहते. वस्तुस्थिति अशी आहे, कीं गर्भाचा ओठ चौथ्या ते सातव्या आठवड्यांत जुळतो आणि टाळू नवव्या आठवड्याच्या सुमारास. कित्येक स्त्रियांना तोंवर आपण गरोदर असल्याची धड खात्रीहि झालेली नसते. दोन्ही बाजूंनीं वाढत येणारे भाग मध्यें मिळाले नाहींत, एवढेंच काय तें घडलेलें असतें. त्यास आनुवंशिक कारणें असतात. गरोदरपणांतील धूम्रपान, कांहीं औषधें व जीवनसत्त्वांची उणीव हींहि कारणें असूं शकतात. विळीचा त्यांत कांहींएक अपराध नाहीं, आणि आईचा तर नाहींच.

अशा मुलाला टाळूंतल्या फटीमुळें अंगावर ओढून पितां येत नाहीं. पहिल्या महिन्यांत तें दगावण्याचें भय असतें तें व्यंगामुळें नव्हे, उपासमारीमुळें. त्याला जवळजवळ बसतें धरून, आईचें काढलेलें दूध वाटी-चमच्यानें किंवा बोंडल्यानें हळूहळू पाजलें कीं तें इतर मुलांसारखेंच वाढतें. वजन नीट भरलें कीं तिसऱ्या महिन्याच्या पुढें ओठाची शस्त्रक्रिया करतात, आणि टाळूची नवव्या महिन्यापासून दीड वर्षापर्यंत. टाळूस फार उशीर लावूं नये, कारण मूल बोलावयास लागण्यापूर्वीं ती मिटली नाहीं तर उच्चार नाकांतून येऊं लागतात आणि ती संवय पुढें मोडणें कठीण जातें. शस्त्रक्रियेनंतरहि बोलण्याचे धडे, कानांची तपासणी आणि दांतांची जुळणी हीं कामें कांहीं वर्षें करावीं लागतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमांत २०१३ पासून या व्यंगाचा समावेश आहे. तेव्हां पैशासाठीं मूल तसेंच ठेवण्याचें कारण उरलेलें नाहीं.

राहतां राहिली केवळ रूपासाठीं होणारी शस्त्रक्रिया. निरोगी नाक अधिक सरळ करून घेणें हें चूक कीं बरोबर, याचा न्याय दुसऱ्यानें करूं नये. एखाद्या बांकाचा सल मनांत किती खोल गेला आहे हें ज्याचें त्याला ठाऊक. मात्र सुरी ती सुरीच. भूल, रक्तस्राव, जंतुसंसर्ग हे धोके हौसेला ओळखत नाहींत. अशा वेळीं समोरच्या डॉक्टरानें या विषयांतील एम्. सीएच्. सारखी पदवी घेतली आहे किंवा नाहीं हें विचारण्यांत कोणताहि संकोच नसावा. जो डॉक्टर व्रण अजिबात राहणार नाहीं असें वचन देतो त्याच्यापासून दूर राहावें. व्रण लपवितां येतो, नाहींसा करतां येत नाहीं. धूम्रपान करणाऱ्यानें तर तें आधीं सोडावें, कारण त्यानें बारीक रक्तवाहिन्या आंखडतात आणि सरकविलेली कातडी मरते.

कावसजीचें नांव राहिलें, त्याची तसबीर राहिली. ज्या डॉक्टरांनीं नुसतें पाहिलें त्यांचींहि नांवें छापलीं गेलीं. ज्यानें तें नाक घडविलें त्याचें नांव मात्र पत्रांत नाहीं. तेथें फक्त त्याची जात आहे. मडक्याचा व विटेचा आकार जाणणाऱ्या त्या हातांनीं एका अपमानित बैलवाल्याला पुन्हां चारचौघांत बसण्याजोगें केलें. त्याचें ऋण फेडण्याचा एक मार्ग अजून मोकळा आहे, आणि त्याला सुरीचीहि गरज नाहीं. गर्दीच्या डब्यांत शेजारीं उभा असलेला चेहरा निराळा दिसला, तर नजर रोखूंहि नये आणि झटकन वळवूंहि नये. इतर चेहऱ्यांकडे जसें पाहतात तसेंच त्याच्याकडे पाहावें. शस्त्रवैद्याचें काम जेथें संपतें, तेथून पुढचें काम शेजाऱ्याचें आहे.